किडनीचा आजार सांभाळायचा कुणी?

बेंगळुरूच्या आउटर रिंग रोडवर, मारतहळ्ळीच्या आसपास नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी घरांत सोलापूर, सांगली, बेळगावहून आईवडील राहायला येतात, तेव्हा कपड्यांच्या बॅगेबरोबर औषधांची पिशवी आणि रिपोर्टची फाइलही येते. नेहमीचे डॉक्टर गावाकडे राहतात, इथले डॉक्टर नवे असतात आणि मुलगा-सून दिवसभर ऑफिसात. किडनीच्या दीर्घकालीन आजारात, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त काळ किडनीचे काम घटलेले किंवा बिघडलेले असताना, ही परिस्थिती अवघड वाटते. पण साधा हिशोब करून पाहा. दर तीन महिन्यांनी पंधरा मिनिटे डॉक्टरांची भेट झाली, तर वर्षाचा एक तास होतो. वर्षाचे तास 8,760. उरलेल्या 8,759 तासांत मीठ किती घ्यायचे, कोणती गोळी टाळायची, सूज आली की काय करायचे, हे रुग्ण आणि घरचेच ठरवतात. त्यामुळे या आजारात रुग्णाची स्वतःची समज हा उपचाराचाच भाग आहे, आणि गैरसमज नेमकी तीच समज हिरावून घेतात.

गैरसमज 1: लघवी साफ होते, क्रिएटिनिनही थोडेच वाढलेय, काळजीचे कारण नाही

किडन्या दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जेमतेम दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात. गाळण्याचे काम निम्म्यावर आले तरी लघवीचे प्रमाण तेवढेच राहू शकते. म्हणून लघवी होते एवढ्यावरून किडनीची परीक्षा होत नाही. क्रिएटिनिनचा आकडाही एकटा फसवतो, कारण तो शरीरातल्या स्नायूंवर अवलंबून असतो. रिपोर्टवर 1.3 हा आकडा पंचवीस वर्षांच्या तरुणाचा असेल, तर त्याचा ई-जीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, 78 च्या आसपास निघतो. तोच 1.3 पासष्ट वर्षांच्या बाईंचा असेल, तर ई-जीएफआर 45 च्या घरात येतो, म्हणजे आजार तिसऱ्या टप्प्यात आहे. दुसरी महत्त्वाची तपासणी लघवीतल्या अल्ब्युमिनची. क्रिएटिनिनच्या तुलनेत ते ग्रॅममागे 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त गळत असेल, तर ई-जीएफआर चांगला असूनही किडनीला इजा होत असू शकते. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी हे दोन्ही आकडे तपासून लिहून ठेवावेत. आजार आधीपासून असेल, तर किती वेळा तपासायचे ते डॉक्टर सांगतील.

गैरसमज 2: भरपूर पाणी प्यायले की किडनी धुऊन निघते

मुतखडा झालेल्याला जास्त पाणी प्यायला सांगतात ते बरोबरच आहे. तोच सल्ला सगळ्या किडनीविकारांना लावला जातो, तिथे चूक होते. 2018 मध्ये कॅनडातल्या एका चाचणीत तिसऱ्या टप्प्यातल्या 631 रुग्णांपैकी निम्म्यांना रोजच्यापेक्षा जास्त पाणी प्यायला लावले गेले. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या किडन्यांच्या घसरणीत फरक दिसला नाही. तहानेप्रमाणे पाणी प्यावे, तहान मारू नये. पण पायावर सूज, धाप किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणे ही पाणी साठल्याची खूण आहे. अशा वेळी पाणी किती घ्यायचे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. कोपऱ्याकोपऱ्यावर मिळणारे शहाळेही सगळ्यांना सारखे नसते. त्यात पोटॅशियम भरपूर असते आणि रक्तातले पोटॅशियम आधीच वाढलेल्या रुग्णाच्या हृदयाचे ठोके त्याने बिघडू शकतात.

गैरसमज 3: सैंधव चालते, बाकी डाळ, फळे, भाज्या सगळे बंद

सैंधव हेही सोडियम क्लोराइडच आहे. रंग बदलला म्हणून किडनीवरचा भार हलका होत नाही. ‘लो सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात तर बहुधा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते. ते या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यात सगळ्या दिवसाचे सगळे पदार्थ आले. आपल्याकडे मीठ भाजीत असते त्याहून जास्त लपते ते पानाच्या डाव्या बाजूला: लोणचे, पापड, चटणी, आणि वर वाढलेले मीठ. बेंगळुरूत त्यात चटणीपुडी आणि बेकरीचे खारे पदार्थ यांची भर पडते. स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना ‘उप्पु कडिमे’, मीठ कमी, हे दोन कानडी शब्द सांगता आले तरी घरातला रक्तदाब उतरायला मदत होते. मात्र या धाकाने डाळ आणि फळे सरसकट बंद करणे घातक आहे. त्याने स्नायू झिजतात. डायलिसिसवर नसलेल्या प्रौढ रुग्णासाठी वजनाच्या दर किलोमागे सुमारे 0.8 ग्रॅम प्रथिने हे सर्वसाधारण प्रमाण आहे, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला 48 ग्रॅम. डायलिसिसवर असणाऱ्याला त्याहून जास्त लागतात. फळेभाज्या कमी करायच्या त्या रक्तातले पोटॅशियम वाढलेले असेल तेव्हा. अपवाद एकच, कमरख: त्यातले विषारी द्रव्य किडनीच्या रुग्णाच्या मेंदूवर परिणाम करते, म्हणून ते पूर्ण वर्ज्य.

गैरसमज 4: बीपीच्या गोळ्यांनी किडनी जाते, जडीबुटीला मात्र धोका नाही

रक्तदाबाच्या काही गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडे वाढते आणि घरचे घाबरून गोळी बंद करतात. ही सुरुवातीची वाढ 30 टक्क्यांच्या आत असेल, तर ती बहुधा मान्यच असते. त्याच गोळ्या पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांत थांबवून ब्रिटनमध्ये चाचणी झाली. 2022 मध्ये निष्कर्ष आला की थांबवल्याने किडनी सुधारत नाही. मुळात मधुमेहासाठी आलेल्या डापाग्लिफ्लोझिनने 2020 च्या मोठ्या चाचणीत मधुमेह नसलेल्या रुग्णांच्याही किडन्यांचे रक्षण केले, आणि त्याच वर्षी भारतात पेटंट संपल्याने ती गोळी स्वस्त झाली. खरा धोका असतो गुडघेदुखीसाठी दुकानातून सहज आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांचा. घटक ठाऊक नसलेल्या भस्मांचा आणि चूर्णांचाही. भारतातल्या डॉक्टरांनी 2022 मध्ये दाखवून दिले की किडनीतून प्रथिने गळणाऱ्या काही रुग्णांच्या आजाराचे मूळ पारंपरिक औषधांत होते. त्या औषधांत पारा सापडला. आयुर्वेदाला नावे ठेवण्याचा हा मुद्दा नाही. जे पोटात जाते ते गाळावे किडनीलाच लागते, म्हणून प्रत्येक औषध, मग ते कुठल्याही पॅथीचे असो, डॉक्टरांना दाखवावे. जुलाब-उलट्या होत असतील तर कोणत्या गोळ्या थांबवायच्या, हे आजारी पडण्याआधीच विचारून ठेवावे.

गैरसमज 5: आज ना उद्या डायलिसिस, आणि डायलिसिस म्हणजे शेवट

बहुसंख्य रुग्ण डायलिसिसपर्यंत पोहोचतच नाहीत. त्यांना मोठा धोका हृदयविकाराचा असतो, म्हणून रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांच्याकडे आधी पाहावे लागते. लवकर डायलिसिस सुरू केले म्हणून आयुष्य वाढते असेही नाही; ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या 2010 च्या चाचणीने ते स्पष्ट केले. वेळ आलीच, तर आठवड्यातून तीनदा सुमारे चार तासांचे यंत्रावरचे डायलिसिस, घरी करता येणारे पोटातले डायलिसिस आणि प्रत्यारोपण असे मार्ग आहेत. सरकारी पातळीवर 2016 पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे. चौथ्या टप्प्यातच याची चर्चा केली, तर निर्णय घाईत घ्यावा लागत नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो: सत्तरीच्या माणसावर एवढी जबाबदारी टाकणे म्हणजे डॉक्टरांनी अंग काढून घेणे नाही का? स्वतः सांभाळणे याचा अर्थ स्वतःच डॉक्टर होणे असा घेतला, तर आक्षेप बरोबर आहे. गोळी स्वतःहून सुरू किंवा बंद करणे हे सांभाळणे नव्हेच. इथे अपेक्षा एवढीच, की रुग्णाने पाहावे, लिहावे आणि वेळेवर विचारावे. तेही एकट्याने नाही. ज्यांना दिसत नाही, आठवत नाही, त्यांच्यासाठी हे घरच्यांनी करायचे आहे, आणि समजेल अशा भाषेत सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य राहतेच. साधन म्हणून एक वही पुरे: तारीख, सकाळचे वजन, रक्तदाब, आणि शेवटच्या पानावर ई-जीएफआर, अल्ब्युमिन आणि चालू औषधांची यादी. सोलापूरचे डॉक्टर असोत की मारतहळ्ळीचे, ही वही दोघांनाही वाचता येते.

तेव्हा पुढच्या वेळी आईवडील आले की फाइल कपाटात ठेवण्याआधी उघडा. त्यात ई-जीएफआर आणि लघवीतले अल्ब्युमिन हे दोन्ही आकडे नसतील, तर याच आठवड्यात तपासून घ्या आणि वहीच्या शेवटच्या पानावर त्यांच्याच हाताने लिहायला लावा.