पंख उभे ठेवणारी माशी

मोह वेचताना एका आजींनी झाडाच्या ढोलीत बोट दाखवले. "ताई, हे चिलट कोणतं गं?" मीही चिलटच समजले. भिंगातून पाहिले, तर अंग केसाळ, लांबी जेमतेम ३ मिलिमीटर आणि बसल्यावरही पंख व्ही अक्षरासारखे उभे. डास पंख पाठीवर मिटून बसतो. हाकलले की ही टुणटुण उड्या मारते. वाळूमाशीच ती!

चावते रात्री, आवाज न करता. १९६५ साली प्रथम सापडलेला चांदीपुरा विषाणू हिच्यामार्फत पसरतो. अंडी पाण्यात नव्हे, भिंतीच्या ओलसर भेगांत, शेणकचऱ्यात घालते. म्हणून भेगा लिंपा. साध्या मच्छरदाणीतून ती आत शिरते, बारीक जाळीची घ्या. लेकराला तापात झटका आला, तर उजाडायची वाट न पाहता दवाखाना गाठा.