विडी सोडविताना : पादांशिक क्रमाचा एक अनुभव

पिंपळे गुरव परिसरातील वस्तीच्या दवाखान्यात कास-श्वासाचा रुग्ण आला की नाडी, जिव्हा, कोष्ठ यांची चौकशी होते. विडी-सिगारेटची मात्र ओघात निघाली तरच. प्रस्तुत लेखकही या चुकीस अपवाद नाही. चाकणला रात्रपाळीस जाणाऱ्या एका रुग्णास मी कित्येक महिने सितोपलादी चूर्ण व वासावलेह देत राहिलो आणि विड्यांचा प्रश्न फार उशिरा विचारला. उत्तर आले, "बंडल संपतं, डॉक्टरसाहेब. पहाटे तीनला दुसरं काय जागं ठेवणार?"

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील 'नवेगान्धारणीय' अध्यायात अंगवळणी पडलेले अहितकर चतुर्थांशाने, मध्ये एक, दोन, तीन दिवसांचे अंतर ठेवून सोडण्याचा आणि तितक्याच अंशाने हितकर स्वीकारण्याचा क्रम सांगितला आहे. विडीस तो लावताना एक सावधगिरी हवी. संख्या घटली की रुग्ण उरलेली विडी अधिक खोल ओढून निकोटिनची भूक भागवितो. म्हणून क्रम आरंभितानाच शेवटच्या विडीचा दिवस ठरवावा. रात्रपाळी संपून दिवसपाळी लागते तो आठवडा मला सोयीचा वाटतो.

तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यापुरती बडीशेप, लवंग वा घोटभर कोमट पाणी पुरते. पुढील दोन-तीन आठवड्यांत चिडचिड, अनिद्रा, मलावष्टंभ दिसतात. तेथे पादाभ्यंग, रात्री त्रिफळा असे उपचार जरूर करावेत, परंतु ते निकोटिनची ओढ नाहीशी करतात असा दावा करू नये. ओढ तीव्र असल्यास निकोटिनचा च्युइंगगम किंवा १८००-११-२३५६ ही शासकीय दूरध्वनी सेवा सुचविण्यात वैद्याला कमीपणा नाही.

काही वैद्यबंधू पर्याय म्हणून 'हर्बल' विडी देतात. हे मला मुळीच मान्य नाही. वनस्पती कोणतीही असो, ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड व डांबर निर्माण होतेच. शास्त्रोक्त धूमपानालाही काल व मात्रेची मर्यादा आहे. अतियोगाचे उपद्रव चरकांनीच सांगितले आहेत.

विडी गेली आणि मळलेली तंबाखू आली, असेही घडते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रौढांत धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू सेवन करणारे २४.४ टक्के आढळले होते. तेव्हा खिशातील पुडीचीही चौकशी करावी.

माझा तो रुग्ण दोनदा घसरला. दोन्ही वेळा रात्रपाळीत आणि त्याच चहाच्या टपरीवर. तिसरा दिवस ठरविताना त्याने रात्रीचा चहा घरून थर्मासमध्ये नेण्याचे स्वतःच सुचविले. केसपेपरवर कोष्ठ व निद्रेच्या खाली आता मी हाताने आणखी एक ओळ लिहितो : विडी किती, केव्हा, कोणाबरोबर.