भाजीमळा, उजाड जमिनीवरील

विक्रीसाठी अनेक प्रकारच्या भाज्या जेथे वर्षभर क्रमाक्रमाने आणि मुख्यतः हातमेहनतीने पिकविल्या जातात, अशा लहान बागायती क्षेत्राला भाजीमळा म्हणतात. जमिनीचा कस, पाण्याचा साठा व मळेकऱ्याची मिळकत ही तिन्ही न खालावता वर्षानुवर्षे चालू राहिली, तरच मळा टिकाऊ ठरतो. प्रस्तुत नोंदीत दख्खनच्या पठारावरील कमी पावसाच्या भागात, हलक्या व मुरमाड माळजमिनीवर असा मळा उभा करण्याची माहिती दिली आहे.

इतिहास : एकोणिसाव्या शतकात पॅरिसभोवतीचे मळेकरी अल्प क्षेत्रावर दाट लागवड करून शहराला भाजी पुरवीत. त्यांच्या पद्धतीचे वर्णन मोरो व दाव्हेर्न यांनी १८४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आढळते. या मळ्यांचा आधार म्हणजे शहरातील घोड्यांची लीद होय. पुढे मोटारगाड्यांमुळे घोडे कमी झाले आणि शहराच्या वाढीने जमिनीही गेल्या, तेव्हा ही पद्धत मागे पडली. खताचा पुरवठा बाहेरच्या एकाच साधनावर अवलंबून ठेवणे धोक्याचे असते, हे यावरून दिसते. भारतात सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे १९२४–३१ या काळात शेतातील काडीकचरा, शेण व मूत्रमिश्रित माती यांपासून कंपोस्ट करण्याची रीत विकसित केली. तिची माहिती देणारे पुस्तक हॉवर्ड व यशवंत वाड यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले.

पाण्याचा हिशेब : मळ्याचे आकारमान जमिनीवरून नव्हे, तर उन्हाळ्याच्या आरंभी हाती राहणाऱ्या पाण्यावरून ठरवावे लागते. वरून ३० × ३० मी., खोली ३ मी. आणि बाजूंचा उतार १ : १ असलेल्या शेततळ्यात सु. २,२०० घ. मी. पाणी मावते. पिकाची गरज दररोज ५ मिमी. धरल्यास ४० गुंठ्यांना (सु. ०·४ हे.) रोज सु. २० घ. मी. पाणी लागते, म्हणजे चार महिन्यांच्या पिकाला सु. २,४०० घ. मी. लागेल. बाष्पीभवन व पाझर यांची घट वेगळीच. याउलट १० गुंठ्यांना रोज सु. ५ घ. मी. पाणी पुरते. म्हणून प्रारंभी १० गुंठेच बागायत करून उरलेल्या जमिनीत हिरवळीचे खत, चारा व झाडे घेणे हिताचे असते. तळे भरण्यास पुरेसे पाणलोट क्षेत्रही हवे. पाऊस ५०० मिमी. आणि वाहून येणारे पाणी त्याच्या १५ टक्के धरल्यास वरील तळ्यास सु. ३ हे. पाणलोट लागतो. मुरमाड जमिनीत तळ्याला अस्तर घालावे लागते. ठिबक सिंचनाने पाण्याची बचत होते. परंतु त्या भरवशावर क्षेत्र वाढविल्यास बचत नाहीशी होऊन ऐन उन्हाळ्यात पिके सोडून द्यावी लागतात.

जमिनीची तयारी : पहिल्या पावसाळ्यापूर्वी समपातळीवर बांध घालून पाण्यासोबत जाणारी माती अडवितात. मातीची तपासणी करून सामू, क्षारता, चुनखडी व सेंद्रिय कर्ब जाणून घेतात. चुनखडीयुक्त जमिनीत लोह पिकांना नीट मिळत नाही आणि कोवळी पाने शिरांमधील भागात पिवळी पडतात. वाऱ्याच्या बाजूस शेवरी, गिरिपुष्प, शेवगा यांची ओळ लावतात. त्यामुळे बाष्पीभवन कमी होते व आच्छादनास पाला मिळतो.

जमिनीचा कस : एक हेक्टर जमिनीतील वरच्या १५ सेंमी. थराचे वजन सु. २,००० टन भरते. त्यातील सेंद्रिय कर्ब केवळ ०·१ टक्क्याने वाढवावयाचा, तरी २ टन कर्ब मातीत टिकून राहावा लागतो. हेक्टरी २० टन शेणखतात बराचसा अंश पाण्याचा असतो आणि उष्ण हवामानात त्यातील बहुतेक कर्ब कुजून निघून जातो. म्हणून एकदाच भरपूर खत देण्यापेक्षा दरवर्षी नियमाने देणे आवश्यक ठरते. पहिल्या पावसाळ्यात १० गुंठ्यांस ५ ते ६ किग्रॅ. तागाचे बी पेरून सु. ४५ ते ५० दिवसांनी, फुले येऊ लागताच, पीक गाडतात आणि दोन-तीन आठवडे कुजू देतात. वाळलेला कडबा किंवा काड तसेच मातीत मिसळू नये. ते कुजविणारे सूक्ष्मजीव मातीतील नायट्रोजन वापरतात व पीक तात्पुरते उपाशी राहते. तेच काड पृष्ठभागावर आच्छादन म्हणून घातल्यास ओल टिकते व तण दबते.

वाफे व पिके : समपातळीला धरून सु. १ मी. रुंदीचे गादीवाफे करतात. मधल्या वाटांवरूनच चालल्याने वाफ्यातील माती दबत नाही. प्रारंभी मेथी, कोथिंबीर, मुळा यांसारखी सु. ३० ते ४५ दिवसांत निघणारी पिके आणि गवार, चवळी यांसारखी शिंबावंत (शेंगा येणारी) पिके घेतात. जमीन सुधारल्यावर वांगी, टोमॅटो, मिरची, कोबी व कांदा यांचा समावेश करतात. वांगी, टोमॅटो व मिरची ही एकाच कुलातील असल्याने त्यांवरील कित्येक रोग समान असतात. म्हणून ती त्याच वाफ्यात लागोपाठ घेत नाहीत. टोमॅटोमध्ये झेंडूच्या ओळी लावल्याने फळे पोखरणाऱ्या अळीचे पतंग त्यांकडे आकर्षिले जातात. झेंडूच्या मुळांमुळे सूत्रकृमीही कमी होतात. किडींच्या सुरुवातीस ५ टक्के निंबोळी अर्क फवारतात.

विक्री व मर्यादा : दर आठवड्यास थोडी पेरणी केल्यास बाजारात सतत माल नेता येतो आणि एकाच पिकाचा भाव कोसळल्यास सर्व मिळकत बुडत नाही. महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळे व भाजीपाला यांची बाजार समितीच्या आवाराबाहेरील विक्री नियमनमुक्त झाली. तरी लहान मळेकऱ्यास आठवडी बाजार व नेहमीची गिऱ्हाइके हाच मुख्य आधार असतो. पालेभाज्या त्याच दिवशी विकाव्या लागतात; रब्बी कांदा मात्र हवेशीर चाळीत काही महिने टिकतो. पहिले वर्ष बहुतांशी माती व पाणी यांच्या कामात जात असल्याने त्या काळात उपजीविकेचे दुसरे साधन असावे लागते. ते नसल्यास कर्ज फेडण्यासाठी कस येण्यापूर्वीच जमिनीतून सलग पिके काढली जातात व मळा पुन्हा उजाड होतो.