मुलगा गाडी शिकतोय? मग विम्यातली ही अट आधी बघा

मुलगा-मुलगी अठरा वर्षांची झाली, लर्निंग लायसन्स हातात आलं, की दुकानदार पालकांचा प्रश्न ठरलेला: "सर, आता विमा महागणार का?"

नाही हो. आपल्याकडे हप्ता गाडीवर ठरतो, चालवणाऱ्याच्या वयावर नाही. थर्ड पार्टीचा दर तर सरकारच ठरवतं. २०२२ च्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला २,०९४ रुपये, जीएसटी वेगळा.

खरी गोम पॉलिसीतल्या 'ड्रायव्हर्स क्लॉज'मध्ये आहे. शिकाऊला मुभा आहे, पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ३ पाळून. म्हणजे शेजारी पक्कं लायसन्सवाला माणूस आणि पुढे-मागे लाल 'एल'. हे चुकलं तर तुमच्या गाडीचा क्लेम अडकतो, आणि समोरच्याला दिलेली भरपाई कंपनी तुमच्याकडूनच वसूल करू शकते. धंद्याचं भांडवलच जायचं!

आणि आपली ती सवय, "शिकतोच आहेस तर दोन खोकी पोचवून ये." टेम्पोत माल असताना शिकाऊ चालक पॉलिसीत बसत नाही. खासगी कारची पॉलिसी तर मालवाहतुकीसाठी नसतेच.

पैसे वाचवायचेत? नो क्लेम बोनस जपा. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते, आणि एका क्लेमने ती शून्यावर येते. बंपर घासला, दोन हजारांचं काम आहे, तर खिशातून करा. रिन्यूअलला 'एनसीबी प्रोटेक्ट' कितीला पडतं, तेही एजंटला विचारून ठेवा.