गाडी आहे, मैदान नाही

डिसेंबर १९८३मध्ये दिल्लीत पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. भारतातल्या हौशी मोटारशर्यतींचं खरं वय तिथून मोजावं, असं मला वाटतं. शर्यती त्याआधीही होत होत्या. चेन्नईजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी पडून होती आणि १९५३मध्ये स्थापन झालेला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब तिथे शर्यती भरवायचा. परदेशी गाडी आणणं संस्थानिकांना आणि उद्योगपतींनाच जमे. बाकीचे फियाट नाहीतर अँबेसेडर तयार करून उतरत. या गाड्या जड होत्या, आणि नवी हवी तर वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे.

मारुतीनं हे गणित बदललं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, हलकं अंग, स्वस्त सुटे भाग आणि गावोगावी ते खोलू शकणारा मिस्त्री. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी याच इंजिनावर एकआसनी शर्यतीची गाडी बांधली आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘फॉर्म्युला मारुती’ उभी राहिली. सामान्य घरातल्या मुलाला एकआसनी गाडीत बसण्याची वाट तिनं उघडली. १९९०मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ चेन्नईचा कायमस्वरूपी ट्रॅक आला. २००३मध्ये कोइम्बतूरला दुसरा ट्रॅक झाला, त्याला विमान अपघातात गेलेल्या करिवर्धन यांचंच नाव मिळालं.

रॅलीत मात्र राज्य होतं ते १९८५मध्ये आलेल्या मारुतीच्याच जिप्सीचं. गाडी तयार करण्याची पद्धत सगळीकडे सारखीच. आधी वजन उतरवायचं: मागची सीट, गालिचा, जे काही लागत नाही ते काढून टाकायचं. मग आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा वेल्ड करायचा, म्हणजे गाडी उलटली तरी छत डोक्यावर बसत नाही. खाली इंजिनाला जाड पत्र्याचं कवच, चांगले शॉकअब्सॉर्बर, अंगाला धरून ठेवणारी सीट आणि खांद्यांवरून येणारे पट्टे. इंजिनाकडे वळायचं ते सगळ्यात शेवटी. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं, पोर्ट गुळगुळीत करायचे, कार्ब्युरेटरचे जेट बदलायचे, सायलेन्सर मोकळा करायचा. नवखा माणूस नेमका उलट क्रम धरतो. आधी ताकद वाढवतो आणि ब्रेक, टायर मूळचेच ठेवतो. गाडी पळते, पण थांबत नाही.

या तयारीची खरी परीक्षा हिमालयात झाली. १९८० ते १९९० या काळातली हिमालयन रॅली मुंबईच्या नझीर हुसेन यांनी उभी केली आणि परदेशी चालक भारतात आणले. १९९९मध्ये रेड-द-हिमालय सुरू झाली, ती जवळपास वीस वर्षं चालली. ऑक्टोबरात भरणाऱ्या या रॅलीत घाटमाथ्यावर बर्फ ठरलेलाच. मैदानी मुलखातल्या मिस्त्रीला तिथे सगळं नव्यानं शिकावं लागे. पाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा उरतो. कार्ब्युरेटर पेट्रोल तेवढंच सोडतो आणि हवा कमी पडते, म्हणून धूर काळा होतो आणि ताकद गळते. मग जेट लहान करावे लागतात. डिझेलमधलं मेण थिजून फिल्टर चोंदतो. मराठवाड्यात रेडिएटरमध्ये साधं पाणी घालून गाडी वर्षानुवर्षं चालते. तेच पाणी वर रात्रीत गोठून इंजिनाचा ब्लॉक तडकवू शकतं. बर्फावर वेगाला किंमत नसते. तिथे हलका हात आणि वेळेआधी केलेला ब्रेक उपयोगी पडतो.

या रॅलींनी हौशी माणसासाठी आणखी एक दार उघडं ठेवलं, ते टीएसडीचं, म्हणजे ‘टाइम-स्पीड-डिस्टन्स’चं. यात ठरवून दिलेली सरासरी गाठायची असते. लवकर पोहोचलात तरी दंड, उशिरा पोहोचलात तरी दंड. घरची गाडी आणि शेजारी रोडबुक वाचणारा मित्र एवढ्यावर उतरता येतं. डोकं शांत ठेवून गाडी चालवण्याचं याहून चांगलं शिक्षण मला माहीत नाही.

महाराष्ट्रात ही हौस पश्चिमेकडेच रुजली. नाशिकच्या रॅली ऑफ महाराष्ट्रला राष्ट्रीय मालिकेत मान मिळाला. महिंद्राचा ‘ग्रेट एस्केप’ हा कच्च्या वाटांवरचा वाहनमेळावा १९९६मध्ये लोणावळ्यात सुरू झाला, पुढे इगतपुरीला चिखलात गाडी चालवायला शिकवणारी शाळा झाली. कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक झाला आणि त्याच शहरातला कृष्णराज महाडिक ब्रिटनच्या फॉर्म्युला ३ मालिकेपर्यंत पोहोचला. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या शर्यती झाल्या. पुण्याचे संजय टकले २०२५मध्ये सौदी अरेबियात डकार क्लासिक रॅलीत मोटार घेऊन उतरले.

या नकाशावर आमचे नांदेड आणि लातूर नाहीत. याचा अर्थ इथे हौस नाही असा नाही. एमएच-२४ आणि एमएच-२६च्या स्कॉर्पिओ, थार, बोलेरो पाहिल्या की ती दिसतेच: रुंद टायर, उंच केलेलं सस्पेन्शन, बदललेला सायलेन्सर. अभियांत्रिकीच्या मुलांना २००७पासून पिथमपूरची ‘बाहा’ स्पर्धा मिळाली. तिथे संघांना एकसारखं लहान इंजिन असतं आणि कस लागतो तो चासी, वेल्डिंग आणि सस्पेन्शनचा. मराठवाड्यातल्या मुलांनीही कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये रात्री जागून अशा गाड्या बांधल्या. पण पदवी मिळाली की तो रस्ता संपतो. पुढे खेळायचं तर हैदराबाद, चेन्नई किंवा पुणे गाठावं लागतं. २०२३च्या फेब्रुवारीत हैदराबादच्या हुसेन सागराकाठी विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई शर्यत झाली. एवढी मोठी शर्यत नांदेडच्या इतक्या जवळ कधीच आली नव्हती, तरी ती केवळ पाहण्यापुरती.

दरम्यान काळही बदलला. २०२०च्या एप्रिलपासून धुराचे बीएस-६ निकष लागू झाले. आता इंजिनाची नाडी पान्यापेक्षा संगणकात सापडते. जेट बदलण्याची जागा रीमॅपनं, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला प्रोग्राम बदलण्यानं, घेतली. कायदाही कडक झाला. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की उत्पादकानं दिलेल्या मूळ रचनेत कायद्याबाहेर जाऊन बदल केलेली गाडी रस्त्यावर चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. राज्यात अनेक शहरांत पोलिसांनी कर्कश सायलेन्सर रोलरखाली चिरडले. हा कायदा मला योग्य वाटतो. रस्ता सर्वांचा आहे, तिथे ऊस वाहणारा ट्रॅक्टर असतो, सायकलवरची शाळकरी मुलगी असते.

मात्र बंदी हे अर्धंच काम आहे. आजवर जिथे जिथे ही हौस खेळ झाली, तिथे आधी बंदिस्त जागा होती: शोलावरमची धावपट्टी, इगतपुरीचा चिखल, अँबी व्हॅलीचं डांबर. जिथे जागा नव्हती, तिथे तोच वेग महामार्गावर आला. नांदेड-लातूर रस्ता सुधारला, समृद्धी महामार्ग २०२५मध्ये पूर्ण खुला झाला. रस्ते गुळगुळीत होत जातील तसा हा धोका वाढतच जाणार.

हा वेग मैदानात आणण्यासाठी फॉर्म्युला वनचा ट्रॅक लागत नाही. ऑटोक्रॉसला एक सपाट, कुंपण घातलेलं मैदान पुरतं. शंकू मांडायचे, एका वेळी एकच गाडी सोडायची, घड्याळाशी स्पर्धा करायची. हेल्मेट, पट्टे, गाडीची तपासणी, उभी रुग्णवाहिका आणि देशाच्या मोटारस्पोर्ट महासंघाची मान्यता एवढं असलं, की जुन्या मारुतीतही माणूस खेळाडू होतो. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत माळरान आहे, औद्योगिक वसाहतींत रिकामे भूखंड आहेत, लातूरला नियमित प्रवासी विमानसेवा न टिकलेली धावपट्टी आहे. वेल्डर, लेथवाले, अभियांत्रिकीची मुलं आणि गाड्या तर आहेतच. जिल्हा प्रशासनानं वर्षातले चार रविवार आणि एक मैदान द्यावं, महाविद्यालयांनी आयोजनाची जबाबदारी उचलावी आणि परिवहन कार्यालयानं तिथेच सुरक्षित वाहनचालनाचा वर्ग भरवावा. सायलेन्सर चिरडण्याइतकीच तत्परता इथे दाखवली, तर रोलर चालवण्याची वेळ कमी येईल.