दोन ओळी आपल्या मनातल्या

फेब्रुवारी लागला की आपल्या फोनवर गुलाबाची चित्रं आणि प्रेमाच्या चारोळ्या यायला लागतात. एकीला आली की ती दहा जणींना पाठवते. कुणी लिहिली, कुणासाठी लिहिली, काही पत्ता नसतो. मग गटाच्या बैठकीत हसत हसत विषय निघतो, की हा १४ फेब्रुवारी आहे तरी काय, आणि आपल्या वयाच्या बायकांचं त्यात काय काम? आज आपण त्यावरच बोलू या.

व्हॅलेंटाईन हे एका ख्रिस्ती संताचं नाव आणि १४ फेब्रुवारी हा त्यांचा स्मरणदिन. चौदाव्या शतकात चॉसर नावाच्या इंग्रज कवीनं या दिवशी पाखरं आपला जोडीदार निवडतात, अशी कल्पना कवितेत मांडली. पुढे इंग्लंडात या दिवशी प्रेमाच्या चिठ्ठ्या देण्याची रीत पडली. पण कविता काही सगळ्यांना जमत नाही. म्हणून तयार ओळींची पुस्तकंच निघाली. असं एक पुस्तक १७९७ साली छापलं गेलं. १८४० पासून तिथं एका पेनीत पत्र जाऊ लागलं आणि या चिठ्ठ्या घरोघर पोचल्या. म्हणजे दुसऱ्याच्या ओळी उचलून पाठवणं ही काही मोबाईलनं आणलेली गोष्ट नाही.

पण मैत्रिणींनो, आपल्या मातीत प्रेमाची कविता फार जुनी आहे. सातवाहन राजांची राजधानी होती आपलं पैठण. त्यांच्यातल्या हाल राजानं 'गाथासप्तशती' हा संग्रह केला, असं मानतात. त्यात सुमारे सातशे छोट्या कविता आहेत, मराठीची पूर्वज असलेल्या महाराष्ट्री प्राकृतात. राजवाड्यापेक्षा गावच त्यात जास्त दिसतं. शेत आहे, गोदावरीचा काठ आहे, परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट आहे. आणि कितीतरी कवितांत बोलणारी बाईच आहे.

पुढे बाईचं मन जात्यावर मोकळं झालं. पहाटे दळताना जवळ सासरा नसे, दीर नसे. जात्याच्या फेऱ्यावर ओवी आपोआप बसायची. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसोबत एक हजारांहून जास्त गावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, पण म्हाताऱ्या आयांच्या ओठांवर त्या ओव्या अजून आहेत. त्या रचणाऱ्या बहुतेक बायांनी शाळा पाहिलेली नव्हती. बहिणाबाई चौधरींनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलानं, सोपानदेवांनी आणि नात्यातल्या माणसांनी टिपून ठेवली, म्हणून आज ती आपल्या हाती आहेत.

आणि उखाणा? नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, अशी रीत होती. त्या रीतीतून बाईनं काढलेली वाट म्हणजे उखाणा. चार जणींत, उघडपणे, यमक जुळवून नाव घ्यायचं आणि वर लाजायचंही. ही आपली प्रेमाची कविताच की.

उखाणा करणं अवघड नाही. रोजच्या कामातली एक खरी गोष्ट धरा. पहिल्या ओळीच्या शेवटी सोपा शब्द ठेवा आणि त्याला जुळणारा शब्द दुसऱ्या ओळीच्या शेवटी आणा. मध्ये नाव. आम्ही एक केला, तो असा:

रात्री आली लाईट, भिजवला गहू,
अमुकराव म्हणाले, चहा दोघं मिळून घेऊ.

यात चांदीचं ताट नाही, सोन्याची वाटी नाही. पण रात्रीच्या लाईटीला पाणी धरणाऱ्या घरात ही ओळ कुणाची, हे सांगावं लागणार नाही. फोनवर आलेल्या चारोळीत एवढं घरपण कुठून येणार?

आता मुद्द्याची गोष्ट. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. सगळ्या जणी नाव घेतात. त्या वेळी आपल्याच गटातली एखादी मैत्रीण घरी बसलेली असते किंवा मागं भांडी आवरत असते. का, तर तिचा नवरा गेला. ज्या माणसाबरोबर तिनं वीस-तीस वर्षं काढली, त्याचं नाव तिनं प्रेमानं घ्यायचं नाही, हा कुठला न्याय? माणूस गेला म्हणून माया जाते का? बहिणाबाईंनाही ऐन तिशीत वैधव्य आलं. त्यांच्या ओठांतलं गाणं काही थांबलं नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून इतर गावांनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. कागद झाला. पण हळदीकुंकवाची सतरंजी आपण अंथरतो, तिच्यावर कोण बसणार हे ठरवणं आपल्याच हातात आहे.

म्हणून या फेब्रुवारीच्या बैठकीत हप्ते जमा झाले की अर्धा तास ठेवा. प्रत्येकीनं दोन ओळी म्हणायच्या. नवऱ्यासाठी, आईसाठी, लेकीसाठी, मैत्रिणीसाठी, ज्याच्यावर जीव आहे त्याच्यासाठी. लग्न न झालेलीनं, एकटी राहणारीनंही म्हणायच्या. जिला बोलायचं नसेल तिला आग्रह नको. लिहिता येणाऱ्या एकीनं सगळ्या ओळी वहीत उतरवाव्या, पुढे जिची तिचं नाव घालावं. आणि एखादीच्या मनातली ओळ तिला विचारल्याशिवाय फोनवर पुढे पाठवू नका. कुणा कवीची कविता वाचली, तर त्या कवीचं नावही सांगा.

नवरा गेलेल्या मैत्रिणीला सुरुवात अवघड जाईल. तिच्यासाठी आम्ही या दोन ओळी केल्या आहेत. तिनं त्यात आपलं नाव घालावं, नाहीतर स्वतःच्या कराव्यात:

अंगणातल्या आंब्याला यंदा आला मोहोर,
अमुकराव लावून गेले, दिसतात डोळ्यांसमोर.

ती नाव घेईल तेव्हा कुणी चुकचुकू नका. बाकीच्या जणींच्या वेळी वाजवता, तशाच टाळ्या वाजवा.