व्हॅनच्या मागील आसाची ऑईल गळती

हेमलकसा परिसरात पावसाळ्यात नाल्यांना पूर येऊन रस्ते बंद पडतात. धान नेणारी व्हॅन अडीअडचणीला लोकबिरादरी दवाखान्यात रुग्णही पोहोचवते. म्हणून पावसाळ्यापूर्वी तिचा मागील आस तपासावा.

चाकाच्या आतील बाजूस गळणारे गिअर ऑईल ब्रेक लायनरवर गेल्यास ब्रेक लागत नाहीत. प्रथम आसावरील ब्रीदर साफ करावा. तो चिखलाने बुजल्यास आतील गरम हवा कोंडते व ऑईल सीलमधून बाहेर ढकलते. तरीही गळती राहिल्यास सील बदलावे. बेअरिंग ढिले किंवा शाफ्टवर खाच असल्यास नवे सीलही टिकत नाही. सीलचा स्प्रिंग असलेला ओठ ऑईलच्या बाजूस ठेवून ते सरळ बसवावे. दुधाळ ऑईल म्हणजे पाणी शिरले. ते पूर्ण बदलावे. ऑईल लागलेले लायनर पुन्हा वापरू नयेत.